पतपेढीच्या काउंटरवर कमी ऐकू येणाऱ्या सभासदांशी कसं बोलावं?

तुम्ही विचारलंय की गर्दीच्या वेळी कमी ऐकू येणारे सभासद आले की घसा फाटेस्तोवर ओरडावं लागतं, तरी त्यांना कळत नाही, तर काय करावं. मी वडोदऱ्यात एका बँकेत एकवीस वर्षं कॅशवर बसलो आणि निवृत्तीनंतर माझ्याच दोन्ही कानांत मशीनं आली. त्यामुळे काचेच्या दोन्ही बाजूंचं थोडंफार कळतं.

आधी ओरडणं सोडा. वयाने कान जातात तेव्हा उंच पट्टीचे बारीक आवाज आधी जातात: स, श, त, फ. ओरडून वाढतात ते मुख्यतः स्वर. म्हणजे आवाज पोचतो, शब्द नाही. दांडिया बाजारातल्या एका काकूंना मी मुदत ठेवीची रक्कम काचेमागून तीनदा ओरडून सांगितली होती. त्यांना कळली, पण त्यांच्याआधी अख्ख्या रांगेला. पुढे त्या कधी एकट्या आल्या नाहीत, मुलाला घेऊनच यायच्या. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

कानात मशीन दिसलं म्हणजे सगळं ऐकू येत असणार, हा दुसरा गैरसमज. मशीन तुमच्या आवाजाबरोबर गोंगाटही वाढवतं. माझ्या डाव्या हाताला नोटा मोजायचं यंत्र होतं, मागे पासबुकाचा प्रिंटर. आता ग्राहक म्हणून उभा राहतो तेव्हा ती नोटांची फडफड थेट मेंदूत जाते आणि कॅशियर नुसता ओठ हलवताना दिसतो. म्हणून यंत्र चालू असताना बोलूच नका. मोजून होऊ द्या, मान वर करा, मग बोला. याला पैसा लागत नाही आणि याहून गुणकारी उपाय मला तरी सापडलेला नाही. तोंड काचेच्या फटीजवळ आणा. मधलं अंतर निम्मं झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो, गोंगाट मात्र तेवढाच राहतो. पाठीमागे उजेडाची खिडकी असेल तर पडदा ओढा, नाहीतर चेहरा काळा दिसतो.

आपल्या वडोदऱ्याची आणखी एक गंमत. आपण गुजरातीत सुरुवात करतो, आडनाव दिसलं की मराठीत शिरतो आणि शेवट हिंदीत करतो. ओठांकडे बघून समजणाऱ्याची यात पार दांडी उडते. त्यात प, ब, म ओठांवर सारखेच दिसतात. कोणती भाषा, ते आधी विचारा आणि तीच धरून राहा. आकडे मात्र लिहूनच द्या. सात आणि साठ तर तिन्ही भाषांत घोटाळा करतात. कॅल्क्युलेटर त्यांच्याकडे फिरवला तरी चालतं.

संस्था खर्च करणार असेल तर इंडक्शन लूप बसवा. तुमच्यासमोर माईक आणि काउंटरपाशी तारेचं वेटोळं, एवढाच प्रकार. ज्याच्या मशीनमध्ये टेलिकॉइल, म्हणजे या वेटोळ्याचा संकेत पकडणारी बारीक कॉइल, आहे त्याने ते 'टी'वर लावलं की तुमचा आवाज थेट कानात जातो, हॉलमधला गोंगाट बाहेर राहतो. अगदी लहान मशीनांत बरेचदा ती कॉइल नसते, तेव्हा सगळ्यांची सोय होईल असं समजू नका. आणि कान व 'टी' असलेली खुणेची पाटी लावा, नाहीतर लूप आहे हे कळणार कसं?

जन्मापासून बहिऱ्या असलेल्यांचं वेगळं आहे. अनेकांची पहिली भाषा खुणांची, त्यामुळे लांबलचक लिहिलेलंही अवघड जाऊ शकतं. फॉर्मवर बोट ठेवून दाखवा. भारतीय सांकेतिक भाषेच्या सरकारी शब्दकोशात २०२१ पासून १०,००० शब्द आहेत. त्यातल्या दहा-बारा खुणा शिकायला एक दुपार पुरे.

प्रमाणपत्र विचारू नका. २०१६ च्या कायद्यात दोन्ही कानांत ६० डेसिबलपासून पुढे हरवलं तरच अपंगत्व धरलंय. ५० वाल्यालाही तुमच्या हॉलमध्ये काही ऐकू येत नाही.

आणि टोकन नुसतं पुकारत असाल तर आकड्यांचा फलक लावा. नसेल तर निदान हात करा. परवा मी पेपर वाचत बसलो होतो, माझ्यानंतरचे तीन नंबर होऊन गेले.