“तुम्ही कुणाच्या?”

“ताई, तीन रविवार झाले, मी चर्चला गेले नाही. माझा विश्वास कमी पडतोय का?”

सव्वीस वर्षांची नर्स. जालन्याहून नोकरीसाठी नगरला आलेली, भाड्याच्या खोलीत एकटी राहणारी. (ओळख लागू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) बदली, लग्न, शिक्षण यांमुळे गाव सुटतं, गावाबरोबर मंडळी, म्हणजे आपलं चर्च, सुटते आणि मग हाच प्रश्न घेऊन माणसं माझ्याकडे येतात. विश्वासाचं मी काहीच काढलं नाही. म्हटलं, “पहिला रविवार सांग. अगदी गेटपासून.”

ती तिसऱ्या बाकावर बसली होती. पाच मिनिटांत एक आजी आल्या, “बाळा, ही आमची जागा.” ती उठून मागे गेली. गीताचा क्रमांक पुकारला, तर तिच्याकडे ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक नव्हतं. मग नवीन पाहुण्यांना उभं केलं. हातात माइक, टाळ्या. खाली बसते न बसते तोच पुढच्या बाकावरून विचारणा झाली, “आडनाव काय? मूळ गाव कोणतं? तुम्ही कुणाच्या?”

आणि त्या दिवशी प्रभुभोजन होतं, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी. दुसऱ्या मंडळीची सभासद असताना पुढे जायचं की नाही, हे तिला कळेना. बघता बघता अख्खा बाक उठून पुढे गेला. “ताई, त्या लांबलचक बाकावर मी एकटीच. पर्स घट्ट धरून बसले होते.” हे सांगताना तिचा आवाज फुटला.

मी तिला एवढंच म्हटलं, की तुझा विश्वास होता तिथेच आहे. तू एकटी पडलीस आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, हे दुखणं वेगळं आहे. ती बराच वेळ रडली. मी रडू दिलं.

नगरमध्ये अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती मिशनचं काम 1831 पासूनचं. चार-पाच पिढ्यांची घरं एकमेकांत सोयरिकीनं गुंतलेली. त्यामुळे “तुम्ही कुणाच्या?” हा प्रश्न बहुतेकदा मायेनं येतो, कुठे नातं लागतंय का हे बघायला. पण आडनाव आणि गाव विचारलं की आपल्याकडे जातही विचारल्यासारखी होते. नव्या माणसाला तो प्रश्न टोचतो. आपण हे कबूल करायला हवं असं मला मनापासून वाटतं.

तिच्या परवानगीनं, नाव न सांगता, त्या मंडळीतल्या महिला मंडळाच्या एका बाईंशी बोलले. “अहो, आम्ही तर टाळ्या वाजवून स्वागत करतो!” त्या खरंच दुखावल्या. मग बाकाचं ऐकून गप्प झाल्या, आणि बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय त्यांनीच काढला: सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा, गरिबाला “तू तिथं उभा राहा”. टाळ्या सगळे वाजवतात, पण शेजारी एकानं बसावं लागतं, एवढंच मी सुचवलं. पुस्तक उघडून मध्ये धरावं. प्रभुभोजनाआधी हळूच विचारावं, “तुम्ही घेता का? नसाल घेत तर मी बसते तुमच्याजवळ.” आडनावाऐवजी “आज जेवायला कुठे?” म्हणावं. आणि बुधवारी एक फोन.

तिलाही एक काम दिलं. दहा मिनिटं आधी जायचं आणि एका तरी माणसाला सांगायचं, “मी इथे एकटी राहते.” हे न सांगता लोकांना कळेल असं तिनं धरलं होतं.

महिन्याभरानं ती आली. त्याच आजींना तिनं ते वाक्य सांगितलं होतं. आजींनी बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि सरकल्या. उपासनेनंतर घरी नेलं. आडनाव विचारलंच, पण तोवर ताटात दुसरी भाकरी पडली होती.

प्रभुभोजन ती अजून घेत नाही. जालन्याच्या पाळकांना, म्हणजे तिथल्या चर्चच्या धर्मगुरूंना, तिनं सभासदत्वाचं पत्र इकडे पाठवायला सांगितलंय.