पेट्रोलमधलं शिसं: रिकव्हरी ९८ टक्के, तरी दोन पद्धतींचे दोन आकडे

तुमची अडचण मला समजली ती अशी: नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतल्या लॅबमध्ये आयसीपी-एमएस (आर्गॉनच्या तप्त प्लाझ्मात नमुना फवारून धातू वस्तुमानावरून मोजणारं यंत्र) आहे. एकाच पेट्रोलमधलं शिसं झायलीनमध्ये पातळ करून सरळ मोजलं की जवळपास दुप्पट दिसतं, मायक्रोवेव्हमध्ये नायट्रिक आम्लाने डायजेस्ट केलं, म्हणजे सेंद्रिय भाग तोडून विरघळवलं, की निम्म्यावर येतं. स्पाइक रिकव्हरी, म्हणजे मुद्दाम टाकलेल्या ठरावीक शिशापैकी परत मिळालेला हिस्सा, दोन्हीकडे ९८ टक्क्यांच्या आसपास. मग मशीन बिघडलंय का?

मशीनला हात लावू नका भाऊ. आधी सांगा, स्पाइक कशाचा दिला? सरळ मोजताना तेलात विरघळणारं तयार स्टँडर्ड, आणि डायजेशनला पाण्यातलं लेड नायट्रेट, असंच ना? दोन्ही न उडणारी संयुगं. पेट्रोलमधलं शिसं टेट्राएथिल लेडच्या (शिसेयुक्त पेट्रोलमध्ये घालत ते शिशाचं सेंद्रिय संयुग) रूपात असेल तर ते उडतं. स्प्रे चेंबरमधून, म्हणजे फवाऱ्यातले मोठे थेंब गाळणाऱ्या कक्षातून, फवाऱ्याचा अगदी थोडाच भाग प्लाझ्मापर्यंत पोचतो, बाकीचा ड्रेनमध्ये जातो. उडणारं शिसं मात्र थेंबांबरोबर वाफ होऊनही आत शिरतं, म्हणून सिग्नल फुगतो. उलट डायजेशनमध्ये वजन करताना, किंवा आम्लाची क्रिया पुरती होण्याआधी, तेच शिसं निसटू शकतं. म्हणजे दोन्ही आकडे चुकीचे असण्याचीही शक्यता आहे, आणि तुमची रिकव्हरी फक्त तुम्हीच टाकलेल्या रूपाची ग्वाही देते.

यावरचा उपाय जुना आहे. एएसटीएम डी ३२३७ ही फ्लेम एएएसची (ज्योतीत धातू किती प्रकाश शोषतो ते मोजण्याची) पद्धत पाहा. पेट्रोल मिथाइल आयसोब्युटाइल कीटोनमध्ये पातळ करायचं, त्यात आयोडीन घालायचं, मग क्वाटर्नरी अमोनियम क्षार, आणि २८३.३ नॅनोमीटरवर वाचायचं. आयोडीनमुळे निरनिराळी अल्किल लेड संयुगं एका पातळीवर येतात आणि क्षारामुळे ती द्रावणात टिकतात. पद्धतीची कक्षा लिटरला २.५ ते २५ मिलिग्रॅम. हीच आयोडीनची क्रिया तुमच्या झायलीनच्या नमुन्यावर करून पाहा. सरळ मोजणीचा आकडा खाली आला तर चोर सापडला. नाही आला तर डायजेशनमधली गळती शोधा. पडताळणीसाठी टेट्राएथिल लेडचं तयार, पातळ, प्रमाणित द्रावणच घ्या. शुद्ध रसायन लॅबमध्ये आणूच नका, ते कातडीतूनही शरीरात जातं.

एककाचा घोळ आहे का तेही बघा. बीएस-६ पेट्रोलला शिशाची मर्यादा लिटरला ५ मिलिग्रॅम आहे, घनता ०.७५ धरली तर ते किलोला ६.७ होतात. झायलीनचा नमुना मापाने आणि डायजेशनचा वजनाने घेतला असेल तर एवढा फरक त्यातूनच येतो. दुप्पट मात्र त्यातून होत नाही.

आता हे शिसं आलं कुठून? देशात १ फेब्रुवारी २००० पासून शिसेयुक्त पेट्रोल बंद आहे. पण पिस्टन इंजिनाच्या विमानांच्या १०० एलएल इंधनात आजही लिटरला ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसं चालतं. असं इंधन नुसतं १ टक्का मिसळलं तरी लिटरला ५.६ मिलिग्रॅम, म्हणजे मर्यादेच्या वर. कॅन किंवा टाकी आधी कशासाठी वापरली होती हे नमुना देणाऱ्याला विचाराच. माझा पहिला संशय तिथेच जाईल.

नमुन्याची हेळसांड हा नागपुरात वेगळाच विषय आहे. मे महिन्यात ४५ अंशांत गाडीच्या डिकीतून बाटली आली की हलके घटक उडतात आणि जड उरतात. २० टक्के पेट्रोल उडालं आणि शिसं सगळं मागे राहिलं, तर त्याचं प्रमाण २५ टक्क्यांनी वाढलेलं दिसेल. बाटली गर्द तपकिरी काचेची हवी, कारण उजेडात टेट्राएथिल लेड तुटतं. भरलेली बाटली बर्फात ठेवा आणि गार असतानाच उघडा. कुरियरने पेट्रोल पाठवायचा विचार सोडा. पेसोचं (पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेची सरकारी संस्था) मुख्यालय आपल्याच शहरात आहे, साठवण-वाहतुकीचे नियम तिथेच विचारून घ्या.

याच नमुन्यात इतर धातूही मोजणार असाल, तर पारा या रांगेत बसवू नका. तो प्लास्टिकला चिकटतो, धातूच्या डब्यात भिंतीवर बसतो, उघड्या बाटलीतून उडून जातो. त्याला वेगळी काचेची बाटली, आणि शक्य असेल तर नमुना जाळून सोन्यावर पारा पकडून २५३.७ नॅनोमीटरवर वाचणारं स्वतंत्र उपकरण.

आर्सेनिक आणि क्रोमियमला आर्गॉनची भानगड: आर्गॉन-कार्बनची जोडी ५२ वस्तुमानावर क्रोमियमचा आव आणते, आर्गॉन-क्लोरीनची ७५ वर आर्सेनिकचा. हेलियमचा कोलिजन मोड (हेलियमवर आपटवून अशा जोड्या गाळणारी सोय) लावा आणि डायजेशनमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल टाळा. शिवाय प्लाझ्मातला कार्बन आर्सेनिकचा सिग्नल वाढवतो, त्यामुळे पाण्यातल्या स्टँडर्डवर काढलेली रेषा पेट्रोलला चालत नाही.

प्लाझ्मातला कार्बन जाळायला ऑक्सिजन जोडलाय का आणि कोन (प्लाझ्मासमोरचे धातूचे शंकू) प्लॅटिनमचे आहेत का, हे तुम्ही लिहिलं नाहीत. निकेलचे कोन ऑक्सिजनमध्ये लवकर झिजतात, आणि ऑक्सिजन नसेल तर काजळी धरते. स्प्रे चेंबर उणे तापमानाला नेल्याशिवाय पेट्रोल घालू नका, नाहीतर प्लाझ्मा विझेल. आयोडीन घालून आणि न घालता आलेले आकडे, सोबत ब्लँकचा, म्हणजे पेट्रोल न घातलेल्या नुसत्या झायलीनचाही आकडा, इथेच टाका. मग पुढचं बोलू.