नवीन गाडी, मायलेज कमी? आधी हवा बघा

अहो टेन्शन घेऊ नका, नवीन हाताला मायलेज कमीच मिळतं, सवयी बदलल्या की वाढतं. सुरुवातीला दोनतीनच गोष्टी धरा.

पहिली म्हणजे टायरमधली हवा. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर स्टिकर असतो, त्यावरचा आकडा पाळायचा. टायरच्या बाजूवर जो आकडा कोरलेला असतो तो कमाल मर्यादेचा, तेवढी हवा भरायची नाही, ही चूक जवळजवळ सगळे नवखे करतात. आणि हवा टायर गार असताना तपासा, सकाळी निघायच्या आधी, कारण चालून तापलेल्या टायरमध्ये प्रेशर जास्त दाखवतं आणि आपण फसतो. चांगला टायरसुद्धा महिन्याला साधारण 1 पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) सोडतो, त्यामुळे महिन्यातून एकदा बघायचंच. कमी हवेचा टायर जमिनीला जास्त चिकटतो, दबत दबत चालतो, तेवढं पेट्रोल फुकट जातं.

दुसरी, उजवा पाय. पुढे सिग्नल लाल दिसतोय तरी रेस देत जायचं आणि मग कचकन ब्रेक, हे बंद करा. लांबूनच पाय उचला, गाडी गिअरमध्येच राहू द्या. उतारावर न्यूट्रल करू नका हं! गिअरमध्ये पाय उचलला की फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत (म्हणजे इंजिनात इंधन मोजून फवारणाऱ्या) इंधन जवळजवळ बंदच होतं, न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन लागतंच, शिवाय गाडीवरचा ताबाही कमी होतो.

हायवेला ताशी 80 किमीच्या आसपास राहा. मायलेज टाकी फुल ते फुल मोजा, म्हणजे टाकी फुल करून चालवा, परत फुल करा आणि चाललेल्या किलोमीटरला भरलेल्या लिटरने भागा, एका फेरीवरून ठरवू नका.