पैसे टाकण्याआधी ते बाहेर कसे निघतात ते बघ

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. घरभाडं, मेस, बसपास आणि घरी पाठवायचे पैसे जाऊन महिन्याला आठ हजार उरतात, ते कुठे टाकू, असं विचारलंस. बाबा पोस्टाची आरडी (दरमहा ठरावीक रक्कम भरायची ठेव) म्हणतात, ऑफिसातल्या मैत्रिणी एसआयपी (शेअर वगैरेंत पैसे गुंतवणाऱ्या म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम) म्हणतात, आणि मामा पॉलिसीचा फॉर्म घेऊन बसलेत. सगळ्यांना तुझं भलंच व्हायला हवंय. पण प्रत्येक जण तुला सांगतोय ते किती मिळेल एवढंच. माझी सगळी नोकरी सहकारी बँकेच्या काउंटरवर गेली. तिथे रडवेल्या चेहऱ्याने येणाऱ्या माणसांची तक्रार व्याजाची क्वचितच असायची. ज्या दिवशी पैसे हवे होते त्या दिवशी ते मिळत नव्हते, हे त्यांचं दुःख होतं. म्हणून कोणतीही योजना समोर आली की आधी हे विचार: मधेच गरज पडली तर पैसे कधी हातात येतील, आणि किती कापून येतील?

मामांच्या पॉलिसीला हा प्रश्न लावून बघ. एकदा एक रिक्षावाले भाऊ प्लास्टिकच्या पिशवीत पावत्या घेऊन आले होते, तारखेप्रमाणे लावून टाचणीने नीट टाचलेल्या. मुलीच्या लग्नासाठी वर्षाला चोवीस हजारांची पॉलिसी घेतलेली. दोन हप्ते भरले आणि रिक्षाचं इंजिन बसलं. तिसरा हप्ता काही जमला नाही. तेव्हाच्या नियमाप्रमाणे तीन वर्षांचे हप्ते पुरे झाल्याशिवाय काहीच परत मिळत नसे. अठ्ठेचाळीस हजार गेले. ते बराच वेळ काउंटरपाशी त्या पावत्या पुन्हा पुन्हा मोजत उभे होते. १ ऑक्टोबर २०२४ पासून नियम बराच सुधारला आहे, एका वर्षाच्या हप्त्यानंतरही काही रक्कम मिळते. पण सुरुवातीच्या वर्षांत पॉलिसी मोडली तर तोटा आहेच, आणि शेवटपर्यंत नेली तरी अशा बचतीच्या पॉलिसीवर परतावा बहुधा पाच-सहा टक्क्यांच्या आसपासच पडतो. टॅक्स वाचेल असं मामा म्हणाले असतील. नव्या करप्रणालीत अशा हप्त्यांवरची वजावट (जुन्या आयकर कायद्यातलं ८०सी कलम) मिळतच नाही, आणि तू वेगळं काही निवडलं नसशील तर नवीच प्रणाली लागू असते. घरचे तुझ्या पगारावर अवलंबून असतील तर निव्वळ टर्म इन्शुरन्स (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा) घे. हप्ता कमी बसतो. विमा आणि बचत एकाच पाकिटात घालू नकोस.

आता आरडी. पोस्टाची आरडी पाच वर्षांची असते. मी हे लिहितेय तेव्हा दर ६.७ टक्के आहे, म्हणजे महिना पाच हजारांप्रमाणे तीन लाख भरले की सुमारे ३ लाख ५७ हजार मिळतात. पैसा सुरक्षित. पण ती तीन वर्षांआधी बंद करता येत नाही, आणि त्यानंतर मुदतीआधी बंद केली तर व्याज बचत खात्याच्या दराने मिळतं. म्हणून पहिले काही महिने तू बँकेत एक वर्षाची आरडी कर. मोडली तर व्याजाला थोडी कात्री लागते, मुद्दल शाबूत राहतं. चार महिन्यांचा खर्च साठेपर्यंत सगळे आठ हजार तिथेच जाऊ देत. तोवर एसआयपीचं नावही काढू नकोस, मैत्रिणी काहीही म्हणोत. नोकरी गेली, आई आजारी पडली, घरमालकाने खोली सोडायला सांगितली, तर हेच पैसे कामाला येतात.

बँक कोणती, हेही बघ. खातेदाराला एका बँकेत सगळ्या शाखा मिळून, व्याजासह, ५ लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे. फेब्रुवारी २०२० पर्यंत ते फक्त १ लाख होतं. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले, तेव्हा पहिल्यांदा खातेदाराला केवळ हजार रुपये काढायची मुभा होती. पतसंस्थेतल्या ठेवीला तर हे संरक्षणच नाही. गावाकडची पतसंस्था अर्धा-एक टक्का जास्त देते, माणसं ओळखीची असतात, पण तिच्या दारावर कुलूप लागलं की ओळखीचा उपयोग होत नाही. भिशीचंही तेच. दहा जणी दरमहा पाच हजार काढतात, चिठ्ठी निघते तिला पन्नास हजार मिळतात. ज्या बाईला पहिल्या महिन्यात मिळाले तिने पुढे हप्ते थांबवले तर शेवटच्या चिठ्ठीवाल्या बाईने कुणाकडे जायचं? मैत्रिणींत हौसेने चालते ती चालू दे, तुझी मुख्य बचत तिथे नको.

पीपीएफ (सरकारी भविष्य निर्वाह निधीचं खातं) पंधरा वर्षांचं म्हणून तू आत्ताच नाक मुरडशील. पण ज्या आर्थिक वर्षात खातं उघडतेस त्याच्या अखेरीपासून ती पंधरा वर्षं मोजतात, आणि वर्षाला ५०० रुपये भरले तरी खातं जिवंत राहतं. म्हणून याच वर्षी उघड. सातव्या आर्थिक वर्षापासून काही रक्कम काढता येते. एप्रिल २०२० पासून दर ७.१ टक्के आहे आणि व्याजावर कर नाही. पैसे महिन्याच्या ५ तारखेच्या आत भर, कारण ५ तारखेनंतर महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिल्लकेवर त्या महिन्याचं व्याज धरतात.

एसआयपी मी सांगणारच आहे, पण आपत्कालीन साठा झाल्यावर. म्युच्युअल फंडातून पैसे काढायला दोन-तीन कामाचे दिवस लागतात, दार नेहमी उघडं. अडचण भावाची. जानेवारी २०२० मध्ये सेन्सेक्स ४२ हजारांच्या जवळ होता. २३ मार्चला एका दिवसात ३,९३४ अंक पडून २५,९८१ वर बंद झाला. त्या आठवड्यात ज्याला फी भरायला पैसे काढावे लागले त्याचा तोटा कायमचा झाला. ज्याला गरज नव्हती, त्याने नोव्हेंबरमध्ये तोच सेन्सेक्स ४३ हजारांच्या वर पाहिला. तेव्हा सात-आठ वर्षं लागणार नाहीत असेच पैसे इथे घाल. एखादा साधा निफ्टी इंडेक्स फंड (निफ्टी या शेअर निर्देशांकातल्या कंपन्यांत त्याच प्रमाणात पैसे घालणारा), तोही डायरेक्ट प्लॅन, म्हणजे मध्यस्थाशिवाय. रेग्युलरमध्ये दरवर्षी मध्यस्थाचं कमिशन जातं. पाच हजार दरमहा, वीस वर्षं, समज १२ टक्के मिळाले तर सुमारे साडेएकोणपन्नास लाख होतात. ११ टक्क्यांनी सव्वात्रेचाळीस. एका टक्क्यात सहा लाख गेले.

आरडी, पीपीएफ, फंड, सगळीकडे नॉमिनी लिही. आळस करू नकोस. नॉमिनी नसलेल्या खात्यासाठी म्हाताऱ्या आईबापांनी कागद गोळा करत मारलेल्या खेपा मी पाहिल्यात.

पगाराची स्लिप मला पाठव. पीएफ किती कापतात ते बघून पीपीएफमध्ये किती घालायचं ते ठरवू. आणि मामांच्या फॉर्मवर सही केली नसशील तर करू नकोस. केली असलीस तरी घाबरू नकोस, पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. कंपनीला लेखी कळव आणि पोच जपून ठेव. मामांशी मी बोलते.

तुझी,
काकू