जिजीला 'तू' का?

मेलबर्न, रविवार रात्र

प्रिय चिमणे,

आज मराठी शाळेतून येताना गाडीत तू विचारलंस, "बाई म्हणाल्या, मोठ्यांना 'तुम्ही' म्हणायचं. मग तू पणजोबांना 'तुम्ही' म्हणतेस आणि पणजीला 'तू', असं का? ती मोठी नव्हती?" मी "तशी पद्धत आहे आपल्याकडे" म्हणाले आणि सिग्नलकडे बघत बसले. हे काही उत्तर नव्हे. तू झोपली आहेस, म्हणून आता लिहिते. आज सगळं नाही कळलं तर वहीत ठेवून दे.

तुझ्या बाई चुकीचं शिकवत नाहीत, फक्त अर्धंच शिकवतात. आपल्या भाषेत आईला 'तू', आजीला 'तू', मावशीला 'तू'. आमच्या पिढीपर्यंत वडिलांना मात्र 'तुम्ही'. तू तुझ्या बाबाला "ए बाबा" म्हणतेस ना, मी अजून फोनवर "अहो दादा" म्हणते. सासूला सुनेनं 'तू' म्हणायचं नाही. माझी आई जिजीला, म्हणजे तिच्या सासूला, तुझ्या पणजीला, "आवं आत्या" म्हणायची, आणि तिच्याच शेजारी बसून आम्ही पोरं "ए जिजी, दे की" करत असायचो. म्हणजे एकाच चुलीपुढे बसलेल्या एकाच बाईला तुम्हीही होतं आणि तूही. देवाचंही तसंच. जूनच्या सुमारास ज्ञानोबांची पालखी पुण्याहून दिवे घाट चढून सासवडला मुक्कामाला येते. तेव्हा जिजी शेजारणींबरोबर वारकऱ्यांसाठी पिठलं-भाकरी करायची. ते वारकरी विठोबाला माउली म्हणतात आणि त्याच्याशी बोलतात ते 'तू' म्हणूनच.

व्याकरण इथे संपलं. पण जिजी व्याकरणात मावत नाही.

तिचं गाव सासवडजवळ, पुरंदर तालुक्यात. पुण्याहून घाट चढून गेलं की हवा एकदम कोरडी होते, कारण पाऊस आधीच डोंगराला पडून गेलेला असतो. म्हणून तिथे अंजीर, सीताफळ, पावसाळ्यात वाटाणा, बाकी ज्वारी-बाजरी. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही हडपसरहून जायचो तेव्हा अंजिराचा मिठा बहार, म्हणजे उन्हाळ्यातला हंगाम, चालू असायचा. तुला सुपरमार्केटमधलं अंजीर माहीत आहे, खोक्यात निजलेलं. झाडावरचं अंजीर वेगळं. ते दिवस वर यायच्या आत तोडावं लागतं, आणि तोडलं की देठातून पांढरा चीक येतो. तो चीक हाताला लागला की आधी खाज, मग आग. पानंही खरखरीत, दंडावर ओरखडे काढणारी. जिजी हाताला गोडेतेल चोळून, डोक्यावरचा पदर कानांमागे खोचून चारलाच बागेत असायची. पाटीत खाली अंजिराचीच पानं, वर एकेक फळ, देठ एका बाजूला. मी एकदा मूठभर फळं एकदम टाकली तर म्हणाली, "आगं, ती काय खडी हाय व्हय?"

खडी कशी असते हे तिला माहीत होतं. १९७२ च्या दुष्काळात ती पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायची, धाकट्या आत्याला झोळीत टांगून. तिथे पोरांना सुकडी मिळायची आणि रेशनवर मिलो नावाची लाल ज्वारी. त्या मिलोबद्दल ती इतक्या तिरस्कारानं बोलायची की मला वाटायचं मिलो कुणी दुष्ट माणूस आहे! पण त्याच कामाबद्दल एक गोष्ट ती अभिमानानं सांगे, मस्टरवर, म्हणजे हजेरीच्या वहीत, तिचं नाव होतं. मुकादम रोज सकाळी नाव पुकारायचा आणि ती "हाय" म्हणायची. लग्नानंतर तिला नावानं हाक मारणारा तो पहिला माणूस असावा. घरात ती आधी 'आगं', मग 'अमक्याची आई', मग सगळ्यांचीच जिजी.

बाकी कागदांवर ती नव्हती. पहाटे अंजीर ती तोडायची, पण मार्केट यार्डातून अडत्याची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, यायची ती तात्यांच्या, तुझ्या पणजोबांच्या, नावानं. दोन म्हशींची धार ती काढायची, डेअरीचं पुस्तक तात्यांचं. तात्या वाईट नव्हते हं. भला माणूस, फक्त पट्टी घडी घालून खिशात ठेवायचा. तू कधी सातबारा बघितला नाहीस. जमिनीचा उतारा असतो तो. त्यातल्या नमुना सातमध्ये जमीन कुणाची ते, आणि नमुना बारामध्ये तिच्यात कुठलं पीक घेतलं ते. जिजीचा सगळा जन्म बारामध्ये गेला, सातमध्ये ती नव्हतीच. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली होती, नवऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावे थोडी जमीन करावी म्हणून. आमच्या घरी त्यावर चहा पीत चर्चा झाली. चहा जिजीनं केला होता.

तात्या १९९८ साली गेले. तेरावं झाल्यावर वारस नोंद झाली आणि जिजी पहिल्यांदा सातमध्ये आली, दादा, काका आणि दोन्ही आत्यांबरोबर. आत्यांनी लगेच हक्कसोड करून दिली, म्हणजे आपला वाटा सोडल्याचं लिहून दिलं, बदल्यात एकेक साडी. (त्या साड्यांवर मी तुला वेगळं पत्र लिहीन, आज लिहिलं तर हे राहून जाईल.) मग कुणीतरी तसाच एक कागद जिजीपुढेही सरकवला. आता तुला काय करायचीय जमीन, पोरं बघतातच की. जिजीनं अंगठ्याला लावलेली शाई पदराला पुसली आणि म्हणाली, "मी हाय तंवर माझं ऱ्हाऊ द्या." त्यावर कोणी बोललं नाही. दादा ताटातलं संपवून उठले. त्यानंतर तो कागद मी पुन्हा पाहिला नाही.

आता तुझा प्रश्न. तात्यांना 'तुम्ही' म्हणायचो कारण त्यांची भीड होती. जिजीची भीड नव्हती. शिळी भाकरी दुधात कुस्करून मागायला, रडायला, खोटं बोलायला, अंगावर पाय टाकून झोपायला तीच लागायची. 'तू' त्या सलगीचा होता. पण हेही खरं की जिच्याशी आपण काहीही बोललो तरी चालतं, तिला सगळ्यात शेवटी आणि करपलेली भाकरी वाढून घेऊ देणंही आपल्याला चालतं. एकाच शब्दात दोन्ही होतं. ते वेगळं करून दाखवायचं मला अजून जमलेलं नाही.

मी एकदा प्रयत्न केला होता. पाचवीत असेन. तुझ्यासारखंच शाळेत शिकवलं होतं की वडीलधाऱ्यांचा मान ठेवा. त्या सुट्टीत ओसरीवर जिजी वाटाण्याच्या शेंगा सोलत बसली होती, तिला मी म्हणाले, "जिजी, तुम्ही चहा घेणार का?" तिनं आधी मागं वळून पाहिलं. "मला कुनी तुमी म्हनलं का मी मागं बघती, कोन उभं हाय." मी हसले. ती हसली नाही. हातातली शेंग तशीच धरून तिनं विचारलं, "काय चुकलं का गं माझं?"

हे तुला मराठी शाळेत सांगणार नाहीत म्हणून मी सांगते. ज्या माणसाला आपण जन्मभर 'तू' म्हटलं, त्याला अचानक 'तुम्ही' म्हटलं की ते रागावल्यासारखं होतं, तोडल्यासारखं होतं. मी घाईघाईनं म्हणाले, "नाही गं, तुला चहा हवा का?" तेव्हा कुठे ती शेंग सोलली गेली.

म्हणून फोटोसमोर दिवा लावताना मी "जिजी, बघ गं हिच्याकडे" म्हणते. तिला आता मागं वळून बघायला लावू नये, एवढंच.

आणि एक. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर त्यांच्या नावानंतर आधी आईचं नाव लिहितात, मग वडिलांचं. तू त्याआधीची, शिवाय इथे जन्मलेली. तुझ्या नावात मी नाही. दादांनी हे फोनवर मला हौसेनं वाचून दाखवलं, आणि मग दोघंही थोडा वेळ गप्प होतो.

पासपोर्टच्या खणात निळ्या फाइलमध्ये शेवटी जुन्या सातबाऱ्याची झेरॉक्स आहे. जिजी २०११ ला गेली, म्हणून तिच्या नावाला कंस केलेला आहे. मेलेल्या माणसाला तिथे असा कंस करतात. या पत्रात मी तिचं खरं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. तू शोध. त्यात दोन जोडाक्षरं आहेत, ती तुला आता येतात. सापडलं की मोठ्यानं वाच, मी स्वयंपाकघरात असेन.

तुझी,
आई