एलियनचे अचाट दावे करणाऱ्यांशी वाद घालण्यात काही अर्थ आहे का?

तुम्ही विचारलंय की तुमचा थोरला भाऊ उडत्या तबकड्यांचे व्हिडिओ खरे मानतो, तुम्ही मानत नाही, रोज वाद होतो आणि त्यातून घरात नुसती कटुता वाढते. मग पुरावे देत राहावं की गप्प बसावं?

पुरावे द्या. पण ‘एलियन असतात की नसतात’ यावर वाद घालू नका. तो प्रश्न बाजूला ठेवून एकच दिवस, एकच दिवा, एकच तुकडा घ्या आणि त्याचा शेवटपर्यंत पिच्छा पुरवा. मी बडोद्यात मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात धातूंच्या तपासणीचं काम करते, आणि आमच्या घरात माझे दीर आणि भाचा यांच्यात अगदी हाच वाद बरीच वर्षं चालू आहे. दीर मानणारे, भाचा न मानणारा. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

२०२२ साली गुढीपाडवा २ एप्रिलला होता. त्या संध्याकाळी विदर्भ आणि मध्य प्रदेशाच्या आकाशातून जळते ठिपके एका ओळीत, शेपट्या ओढत गेले. नागपूरच्या नातेवाइकांनी काढलेले व्हिडिओ जेवणं व्हायच्या आत आमच्याकडे आले. दीर म्हणाले, “वहिनी, उल्का कधी अशा शिस्तीत, एकामागे एक जातात का?” भाचा लगेच म्हणाला, “मामा, भंकस आहे. उल्कावर्षाव आहे, बाकी काही नाही.” त्या रात्री बातम्यांमध्येही बऱ्याच ठिकाणी उल्का असंच सांगत होते.

इथे दिरांनी पाहिलेलं बरोबर होतं. उल्का वातावरणात सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने शिरते आणि बहुधा एक-दोन सेकंदांत विझते. त्या व्हिडिओंमधले ठिपके मात्र सावकाश, जवळजवळ आडवे चालले होते आणि बराच वेळ दिसत होते. पृथ्वीभोवती फिरणारी एखादी जड वस्तू खाली येते तेव्हा तिचा वेग सेकंदाला साधारण पावणेआठ किलोमीटर असतो, ती तिरपी शिरते, तुटते, आणि तुकडे एकाच वाटेने पुढे येत राहतात. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलेलं सापडलं, आसपास धातूचे गोळेही मिळाले. रॉकेट आणि उपग्रहांच्या नोंदी ठेवणारे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी तो फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या ‘चांग झेंग ३बी’ या चिनी रॉकेटचा टप्पा असल्याचं सांगितलं. म्हणजे उल्का म्हणून विषय संपवणारा माझा भाचाही चुकला होता आणि थेट परग्रहापर्यंत पोचलेले दीरही. पण दोघांत जास्त नीट पाहिलं होतं ते दिरांनी. मी भाच्याला तेव्हाच म्हटलं की आधी मामाने काय पाहिलं ते मान्य कर, निष्कर्षाचं नंतर बघू. न मानणारी बाजू इथेच वारंवार घसरते. घाईत दिलेलं चुकीचं स्पष्टीकरण दुसऱ्या दिवशी उघडं पडलं की समोरच्याला वाटतं, यांना काहीतरी लपवायचं आहे. त्यानंतर तुम्ही कितीही खरं बोललात तरी ते त्याच्या कानात शिरत नाही.

महिनाभराने प्रकरण आमच्या दाराशी आलं. १२ मे रोजी आणंद जिल्ह्यात भालेज, खंभोळज आणि रामपुरा या गावांच्या हद्दीत आकाशातून धातूचे गोळे पडले. पुढे आमच्याच जिल्ह्यातल्या सावली तालुक्यातूनही तशी बातमी आली. भालेज इथून तासाभराच्या अंतरावर, त्यामुळे कारखान्यात चहाच्या वेळी दुसरा विषय नव्हता. गोल, काळपट, वर ना नाव ना नंबर. एवढ्या उंचीवरून पडूनही गोलच कसा राहिला, हा सगळ्यांचा प्रश्न होता आणि तो रास्त आहे. त्याचं उत्तर असं: रॉकेटमध्ये इंधनावर दाब ठेवण्यासाठी हेलियमसारखा वायू साठवावा लागतो, आणि मोठा दाब सहन करायला गोल हा सर्वांत चांगला आकार. अशा टाक्या बऱ्याचदा टायटॅनियमच्या असतात, त्यावर कार्बन तंतूंचं वेष्टण असतं. टायटॅनियम १६६८ अंश सेल्सिअसला वितळतं. ॲल्युमिनियम त्याच्या कितीतरी आधी, ६६० अंशांवर. शिवाय पोकळ गोळा आकाराच्या मानाने हलका, त्यामुळे तो वरच्या विरळ हवेतच वेग गमावतो आणि फार तापायच्या आत सावकाश खाली येतो. बाकीचं रॉकेट जळून जातं, गोळे तेवढे शेतात पोचतात. हे गोळेही ‘चांग झेंग ३बी’चेच असावेत असं मॅकडॉवेल यांचं मत होतं.

त्याच वर्षी १७ ऑगस्टला बनासकांठ्यात दियोदरजवळ रावेल आणि रांटीला या गावांत दगड पडले. यावेळी खरोखर पृथ्वीबाहेरचा ऐवज होता. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने तपासून सांगितलं की ही ऑब्राइट जातीची, फार दुर्मीळ उल्का आहे. भारतात त्याआधी अशी १८५२ मध्ये उत्तर प्रदेशातल्या बस्तीला पडली होती. मला या घटनेचं फार अप्रूप वाटतं. आकाशातून आलेली खरी, विलक्षण वस्तू एका गावात पडते, लोक ती जपून ठेवतात, शास्त्रज्ञ येऊन घेऊन जातात, आणि तिच्यावरून कोणाचंही भांडण होत नाही. आमच्या घरातही झालं नाही. दिरांनी त्यावर मिळेल ते सगळं वाचून काढलं आणि आठवडाभर भाच्याला तेच शिकवत होते.

आता धातूच्या तुकड्यांचे दावे, कारण तुमच्या भावाने पाठवलेल्यांपैकी एक असाच असल्याचं तुम्ही लिहिलंय: ‘पृथ्वीवर अस्तित्वात नसलेला मिश्रधातू’. आमच्याकडे कुठलाही माल आला की आधी हीट नंबर विचारतात. कुठल्या भट्टीतून निघाला, कुठल्या घाण्यातला, कोणाच्या हातून इथवर आला. हे माहीत नसेल तर स्पेक्ट्रोवर, म्हणजे धातूत कुठला घटक किती हे मोजणाऱ्या यंत्रावर, रचना कितीही सुंदर आली तरी त्या मालाचं सर्टिफिकेट बनत नाही. अमेरिकेत रॉसवेलजवळ कोसळलेल्या यानाच्या म्हणवल्या जाणाऱ्या तुकड्यांचा प्रश्न इथपासूनच सुरू होतो. मॅग्नेशियम आणि बिस्मथचे पातळ थर असलेला एक तुकडा १९४७ साली कोसळलेल्या यानाचा आहे असं म्हणतात. तो १९९६ मध्ये एका अमेरिकन रेडिओ कार्यक्रमाच्या सूत्रसंचालकाकडे निनावी पत्राबरोबर आला. मधल्या जवळजवळ पन्नास वर्षांचा हिशेब कोणाकडेच नाही. तरीही तो फेकून दिला नाही, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ओक रिज या अमेरिकन राष्ट्रीय प्रयोगशाळेत तो तपासला गेला आणि २०२४ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी घटकांच्या टक्केवारीबरोबर समस्थानिकांचं, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंचं, प्रमाणही मोजलं होतं.

समस्थानिकांचं थोडक्यात सांगते, कारण या वादातलं सर्वांत धारदार हत्यार तेच आहे. मॅग्नेशियमचे अणू तीन वजनांचे असतात: २४, २५ आणि २६. पृथ्वीवरच्या कुठल्याही खाणीतलं किंवा समुद्राच्या पाण्यातलं मॅग्नेशियम घ्या, त्यात साधारण ७९ टक्के पहिले, १० टक्के दुसरे आणि ११ टक्के तिसरे भरतात. चंद्रावरच्या दगडांतही जवळपास तेच, कारण सगळी सूर्यमाला एकाच ढगातून बनली. दुसऱ्या ताऱ्याभोवती घडलेल्या पदार्थात हे प्रमाण वेगळं असण्याची मोठी शक्यता आहे. आमच्या कारखान्यातल्या स्पेक्ट्रोला हे कळत नाही. त्याला अणू वजनाप्रमाणे वेगळे करून मोजणारा मास स्पेक्ट्रोमीटर लागतो. त्यामुळे ‘लॅबमध्ये तपासलं, अज्ञात धातू निघाला’ असं कोणी म्हणालं की मी एवढंच विचारते, समस्थानिक मोजले का? त्या थरांच्या तुकड्याचं मॅग्नेशियम आणि त्यात सापडलेलं शिसं दोन्ही पृथ्वीच्याच प्रमाणाचं निघालं.

हे ऐकून दीर म्हणाले, “पण त्यांनी इथेच येऊन आपल्याच खाणीतल्या धातूचं यान बांधलं असेल तर?” प्रश्न हुशारीचा आहे आणि मी तो टाळला नाही. तसं असेल तर धातू त्यांच्या बाजूने साक्ष देऊच शकत नाही, मग तो तुकडा पुरावा म्हणून पुढे करता येणार नाही. ते दिरांनी मान्य केलं.

दुसऱ्या ताऱ्यांचा पदार्थ कधी हातात आलाच नाही, असं मात्र समजू नका. १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियात मर्चिसन इथे पडलेल्या उल्केत असे बारीक कण आहेत ज्यांचं समस्थानिकांचं प्रमाण सूर्यमालेत बसत नाही. २०२० च्या एका अभ्यासात त्यातले काही कण ५ ते ७ अब्ज वर्षांपूर्वीचे, म्हणजे सूर्याहूनही जुने निघाले. शास्त्रज्ञांना बाहेरचं काही मान्यच करायचं नसतं, हा आरोप इथे टिकत नाही. आकडा वेगळा आला आणि त्यांनी तो मान्य केला. तुमच्या भावाला ही गोष्ट जरूर सांगा, त्याला आवडेल.

हार्वर्डचे खगोलशास्त्रज्ञ अवी लोब यांचं नाव वादात येतंच. ८ जानेवारी २०१४ ला पापुआ न्यू गिनीजवळ पडलेली एक उल्का सूर्यमालेबाहेरची होती असं ते म्हणतात, आणि २०२३ मध्ये त्यांनी समुद्राच्या तळावरून चुंबकाने बारीक मणी गोळा करून आणले. इतरांनी दाखवलं की मण्यांची रचना कोळशाच्या राखेशी जुळते, आणि पडण्याची जागा ठरवताना वापरलेला भूकंपमापकाचा एक संकेत जवळच्या रस्त्यावरच्या ट्रकचा असावा. मला आक्षेप घेणाऱ्यांचं पटतं. पण मणी दाखवले, मोजमापं छापली, म्हणूनच खोडता आली. मेक्सिकोच्या संसदेत २०२३ मध्ये एलियनच्या म्हणून मांडलेल्या ‘ममीं’ना मी हा मान देणार नाही, तशाच बाहुल्या पेरूत पकडल्या गेल्या तेव्हा तिथल्या न्यायवैद्यक तज्ज्ञांना प्राण्यांची हाडं आणि आजच्या काळातला कृत्रिम गोंद सापडला.

आपल्या मराठी माणसांसाठी याहून चांगलं उदाहरण जयंत नारळीकरांचं आहे. जीवनाचं बीज अंतराळातून पृथ्वीवर येतं ही खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल आणि चंद्रा विक्रमसिंघे यांची कल्पना. बहुतेक शास्त्रज्ञांना ती अचाटच वाटत होती. नारळीकरांना ती तपासण्याजोगी वाटली. २००१ मध्ये हैदराबादहून फुगा सोडून ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा आणली गेली. २००५ मध्ये पुन्हा, निर्जंतुक केलेल्या, लिक्विड निऑनने गार ठेवलेल्या स्टीलच्या नळकांड्यांत. त्या दुसऱ्या खेपेत जीवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्या, एकीला हॉइल यांचं नाव दिलं. २००९ मध्ये इस्रोने हे जाहीर केलं तेव्हा स्पष्ट लिहिलं की यावरून हे जीव पृथ्वीबाहेरचे आहेत असं निर्णायकपणे सिद्ध होत नाही. स्वतःला हवं असलेलं उत्तर हाताशी आलेलं असताना ते वाक्य लिहिणं सोपं नाही. नारळीकर २०२५ च्या मे महिन्यात गेले. फलज्योतिषाची चाचणी घेतानाही त्यांनी ज्योतिषांना हिणवलं नव्हतं. पत्रिका दिल्या, उत्तरं मागवली, मोजली. माझ्या भाच्याला मी हेच सांगत असते की तुला मामाचं मत बदलायचं असेल तर आधी हे शिक.

तेव्हा पुढच्या वेळी भावाने काही पाठवलं की त्याला तारीख, वेळ, गाव, दिशा आणि किती सेकंद दिसलं एवढं विचारा आणि दोघं मिळून शोधा. स्टारलिंकचे उपग्रह २०१९ पासून आकाशात रांगेने दिसतात आणि ते कुठल्या गावावरून कधी जाणार हे आधी पाहता येतं. निम्मे व्हिडिओ तिथेच सुटतील. आणि एकदा दोघांनीही लिहून ठेवा, काय दिसलं तर मी मत बदलेन. फक्त त्याच्याकडूनच लिहून घेऊ नका. तुम्हीही लिहा, प्रामाणिकपणे.

ज्या दाव्यात तपासायला वस्तूच नाही, तिथे मी वाद थांबवते. २०२३ मध्ये अमेरिकन हवाई दलाचे माजी गुप्तचर अधिकारी डेव्हिड ग्रश यांनी अमेरिकन संसदेपुढे शपथेवर सांगितलं की सरकारकडे माणसाने न बनवलेली यानं आहेत. पण ते त्यांनी इतरांकडून ऐकलेलं होतं, स्वतः पाहिलेलं नव्हतं. मार्च २०२४ मध्ये पेंटागॉनच्या, म्हणजे अमेरिकन संरक्षण खात्याच्या, असे दावे तपासणाऱ्या कार्यालयाने तसा पुरावा मिळाला नाही असा अहवाल दिला. दीर म्हणतात सरकार लपवतं, भाचा म्हणतो माणूस खोटं बोलतो. दोघांपैकी कोणाकडेही तपासण्यासारखं काही नाही, म्हणून मी त्या विषयावर बोलत नाही आणि तसं दोघांना सांगितलंय.

एक कामाची सूचना, कारण गुजरात-महाराष्ट्रात असं पुन्हा पडू शकतं. आकाशातून पडलेल्या धातूला हात लावू नका. रॉकेटच्या टाक्यांत हायड्राझीनसारखं विषारी इंधन उरलेलं असू शकतं. लांबून फोटो काढा, शेजारी मापासाठी काहीतरी ठेवायला म्हणूनही जवळ जाऊ नका, वेळ लिहून ठेवा आणि पोलिसांना कळवा.