वाचकांचे प्रश्न: परदेशातून आणलेली बाटली, सिगारेट आणि कस्टम्सची तपासणी

परदेशातून स्वस्तात घेतलेली दारू आणि सिगारेट विमानतळावर अडकली, अशा तक्रारी पत्रांतून सतत येतात. त्यांतल्या बहुतेक अडचणी विमानात बसण्याआधीच टाळता येण्याजोग्या असतात. खालची उत्तरं भारतात विमानाने परतणाऱ्या प्रौढ प्रवाशांसाठी आहेत.

प्रश्न: दुबईच्या ड्यूटी फ्रीमध्ये सिगारेटचं एक कार्टन घेतलं. विक्रेता म्हणाला, ‘एक कार्टन चालतं.’ मुंबईत मात्र अडवलं. चूक कोणाची?

विक्रेत्याच्या बोलण्यावर विसंबून खरेदी केली, तिथेच गडबड झाली. एका कार्टनमध्ये 10 पाकिटं आणि प्रत्येक पाकिटात 20 सिगारेटी, म्हणजे एकूण 200. भारतात ड्यूटी न भरता 100 सिगारेटी आणता येतात, म्हणजे बरोबर अर्धं कार्टन. हा गैरसमज इतका पसरण्यामागे कारण आहे. 2014 च्या जुलैपर्यंत आपल्याकडेही 200 सिगारेटी चालत होत्या. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात ती सवलत निम्मी झाली. ब्रिटन आणि युरोपीय संघातल्या बऱ्याच देशांत विमानाने येणाऱ्यांना अजून 200 चालतात, त्यामुळे तिकडची दुकानं एक कार्टन हेच माप धरून माल विकतात. तुम्ही कुठे उतरणार आहात, याच्याशी दुकानाला देणंघेणं नसतं.

आणखी एक. 100 सिगारेटी किंवा 25 सिगार किंवा 125 ग्रॅम तंबाखू, असा नियम आहे. तिन्ही एकदम नाहीत. हाताने वळायच्या तंबाखूची 50 ग्रॅमची दोन पाकिटं चालतील, तिसऱ्याला 25 ग्रॅम जास्त होतात. हुक्क्याचा सुगंधी तंबाखूही तंबाखूच. त्याचा 250 ग्रॅमचा डबा म्हणजे मर्यादेच्या दुप्पट.

प्रश्न: दोन लिटर म्हणजे नक्की किती बाटल्या? बिअर वेगळी धरतात का?

बिअर वेगळी धरत नाहीत. व्हिस्की, वाइन, बिअर सगळं मिळून माणशी 2 लिटर ड्यूटी न भरता आणता येतं. मोजतात ते द्रवाचं माप, त्यात अल्कोहोल किती हे बघत नाहीत. म्हणूनच बिअरचे डबे ओझ्याने आणणं हा सगळ्यात तोट्याचा व्यवहार. 330 मिलीचे सहाच डबे 1,980 मिली होतात आणि तिथेच सवलत संपते.

बाटल्यांचं गणित लेबल वाचून करा. युरोपातून येणारी व्हिस्की बहुधा 700 मिलीची असते, अमेरिकेतली 750 मिलीची आणि विमानतळावरच्या दुकानांत 1 लिटरची. 700 मिलीच्या तीन बाटल्या म्हणजे 2.1 लिटर. फक्त 100 मिली जास्त, पण जास्त ते जास्तच. त्याऐवजी 700 च्या दोन आणि 50 मिलीच्या बारा छोट्या बाटल्या घेतल्या, तर बरोबर 2 लिटर भरतात. भेट द्यायलाही छोट्या बाटल्या सोयीच्या पडतात.

भारतात उतरल्यावर, सामानाच्या पट्ट्याजवळ जे ड्यूटी फ्री दुकान असतं, तिथली खरेदीही याच 2 लिटरांत मोजली जाते. परदेशातून दोन लिटर आणून इथे आणखी एक बाटली उचलणारे नेमके इथे फसतात. शिवाय ड्यूटी न भरता एकूण किती रुपयांचं सामान आणता येतं याचीही मर्यादा असते, आणि या दोन लिटरांची किंमत त्याच रकमेत धरतात. एखादी फार महागडी सिंगल माल्ट असेल, तर माप मर्यादेत असूनही रकमेत अडचण येऊ शकते. बिलं जपून ठेवा.

प्रश्न: आम्ही तिघं प्रवास करणार आहोत. मी, पत्नी आणि सतरा वर्षांचा मुलगा. तिघांचे मिळून सहा लिटर धरायचे ना?

चार धरा. अल्पवयीन मुलाच्या नावावरची दारू ‘त्याच्या वापराची’ आहे, हे कोणत्याही अधिकाऱ्याला पटवता येणार नाही. महाराष्ट्रात तर बिअर आणि वाइनसाठी 21 आणि इतर मद्यासाठी 25 वर्षं वय लागतं.

पती-पत्नींच्या चार लिटरांचंही एक पथ्य आहे. एका प्रवाशाची सवलत दुसऱ्याच्या सवलतीत मिसळता येत नाही. चार बाटल्या तुमच्या एकट्याच्या बॅगेत आणि पत्नी मोकळ्या हाताने पुढे गेल्या, तर चारही तुमच्याच. बाटल्या आपापल्या बॅगेत ठेवा, बिलं शक्यतो वेगवेगळी करा. एक कार्टन सिगारेटी दोघांत घेतल्या असतील, तर कार्टन फोडून पाच-पाच पाकिटं वाटून घ्या.

प्रश्न: मर्यादेपेक्षा एक बाटली जास्त आहे. गुपचूप ग्रीन चॅनलमधून गेलं तर काय होतं?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून जरा विस्ताराने.

ग्रीन चॅनलमध्ये पाऊल टाकणं म्हणजे ‘माझ्याकडे ड्यूटी लागणारं काही नाही’ असं सांगणं. कागदावर सही केली नाही, तरी चालत जाणं हेच निवेदन ठरतं. सीमाशुल्क कायदा, 1962 च्या कलम 77 प्रमाणे सामानात काय आहे हे सांगण्याची जबाबदारी प्रवाशाची असते. रेड चॅनलला, म्हणजे ड्यूटी लागणारा माल दाखवायच्या रांगेला, जाऊन तीच बाटली दाखवली, तर फक्त जास्तीच्या मापावर ड्यूटी भरावी लागते, पहिल्या दोन लिटरांना धक्का लागत नाही. जास्तीच्या दारूवरचा आणि सिगारेटवरचा दर इतर सामानापेक्षा बराच चढा असतो, हे खरं. पण लपवलेलं सापडलं, तर माल जप्त होतो. तो सोडवायचा तर कलम 125 खाली वेगळा दंड, त्यावर ड्यूटी आणि शिवाय तुमच्यावर व्यक्तिगत दंडही होऊ शकतो. दुकानात वाचलेल्या पैशांपेक्षा हा खर्च कितीतरी मोठा होतो.

पकडलं जाण्याची शक्यता कमी असते, या समजात राहू नका. चेक-इन सामान पट्ट्यावर येण्याआधीच क्ष-किरण यंत्रातून जाऊ शकतं. बाटलीचा आकार आणि कार्टनमधल्या पाकिटांची चौकोनी रांग पडद्यावर लगेच ओळखू येते. बॅगेवर खडूची फुली दिसली, तर ती कुणीतरी बघून ठेवली आहे असं समजा. ती पुसायच्या भानगडीत पडू नका, सरळ रेड चॅनलकडे वळा.

काय करायचं: उतरण्याआधी बेरीज करा. जास्त असेल तर रेड चॅनलला जा, पासपोर्ट, बोर्डिंग पास आणि बिलं समोर ठेवा. सीमाशुल्क खात्याच्या ‘अतिथी’ ॲपवरून आधी निवेदन भरता येतं, रांगेत वेळ वाचतो. पैसे भरल्याची पावती घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. पावतीशिवाय कुणी पैसे मागितले तर देऊ नका, वरिष्ठांना भेटायचं आहे म्हणून सांगा.

ड्यूटी परवडत नसेल आणि तुम्ही लवकरच पुन्हा परदेशी जाणार असाल, तर कलम 80 चा उपयोग होतो. जे खरं सांगितलं आहे ते सामान कस्टम्सकडे ठेवून, परत जाताना घेऊन जाण्याची विनंती करता येते. अट एकच, निवेदन खरं असायला हवं. लपवून सापडलेल्याला ही वाट खुली राहत नाही. जाताना ते ताब्यात घ्यायला वेळ लागतो, तेव्हा चेक-इनच्या पुष्कळ आधी पोहोचा.

जप्ती झालीच, तर सहीपूर्वी कागद वाचा. प्रवासी घाईत असतो आणि ‘लेखी नोटीस नको’ असं लिहून देतो, पण पुढे दाद मागायची तर हेच कागद कामी येतात. आदेश मिळाल्यापासून 60 दिवसांत आयुक्तांकडे अपील करता येतं. अंगझडतीची वेळ आली, तर कलम 102 प्रमाणे आधी राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर नेण्याची मागणी करता येते. आणि स्त्रीची झडती फक्त स्त्रीच घेऊ शकते.

प्रश्न: ओळखीच्यांनी त्यांच्या भावासाठी एक बंद पिशवी दिली आहे. ‘आत परफ्यूम आहे’ म्हणतात. घेऊ का?

उघडून दाखवली तर घ्या, नाहीतर नको. पिशवी तुमच्या हातात आहे, म्हणजे उत्तरही तुम्हालाच द्यावं लागेल.

प्रश्न: दिल्लीत विमान बदलून पुण्याला यायचं आहे. बाटली हातातल्या बॅगेत चालेल का?

कस्टम्स पहिल्या विमानतळावरच होतं. दिल्लीत सामान घ्यायचं, तपासणी पार करायची आणि ते पुन्हा पुण्यासाठी द्यायचं. त्याच वेळी ड्यूटी फ्रीची बाटली चेक-इन बॅगेत घाला. वाटेत तिसऱ्या देशात विमान बदलत असाल, तर दुकानाने दिलेली सीलबंद पिशवी पोहोचेपर्यंत फोडू नका आणि बिल आतच दिसू द्या. सील तुटलं, की 100 मिलीवरची बाटली सुरक्षा तपासणीत काढून घेतात.

विमान कंपनीचा नियम वेगळा. 70 टक्क्यांहून जास्त अल्कोहोल असलेलं पेय विमानात नेताच येत नाही. 24 ते 70 टक्क्यांमधलं सीलबंद बाटल्यांत माणशी 5 लिटरपर्यंत. पण विमानाने 5 लिटर नेऊ दिले म्हणून कस्टम्सचे 2 लिटर वाढत नाहीत.

प्रश्न: एकच व्हेप आहे, स्वतःसाठी. त्यावर ड्यूटी किती?

ड्यूटीचा प्रश्नच नाही, आणायलाच बंदी आहे. 2019 च्या कायद्याने ई-सिगारेटची आयात बंद झाली. तंबाखू न जाळता तापवणारी यंत्रंही त्यातच येतात. तिकडेच ठेवून या.

प्रश्न: मुंबई विमानतळावर सगळं नियमात पार पडलं. तिथून ट्रेनने सुरतला जायचं आहे.

मग बाटल्या मुंबईतच ठेवा. कस्टम्सचा शिक्का केंद्राच्या ड्यूटीपुरता असतो, दारू बाळगण्याचा कायदा प्रत्येक राज्याचा वेगळा. गुजरातमध्ये परमिटशिवाय बाटली बाळगणं गुन्हा आहे, बिहारमध्ये 2016 पासून पूर्ण बंदी आहे. आणि महाराष्ट्रातही वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे, तिकडे निघालेल्यांनी ड्यूटीची पावती दाखवून काही उपयोग होणार नाही.